मोटरसायकलला हॅझार्ड लाईट बसवायचे, तेही चावी काढल्यावर चालतील असे

गाडी रस्त्यात बंद पडली, पंक्चर झाली, चेन तुटली, की मागून येणाऱ्याला आपण उभे आहोत का हळू चाललोय हे लांबून कळतच नाही. मागचा लाल दिवा चालत्या गाडीचाही पेटतो आणि उभ्या गाडीचाही, आणि चावी बंद केली की तोही विझतो, मग उरतो तो फक्त रिफ्लेक्टर. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले, म्हणजेच हॅझार्ड लाईट लागले, की मात्र मागच्याला लगेच समजतं की पुढे काहीतरी अडलंय, आणि तो वेळेत बाजूला होतो. कारमध्ये ही सोय असतेच, मोटरसायकलवर बऱ्याच मॉडेलना अजून नसते, पण बसवणं अवघड नाही कारण इंडिकेटर आहेत, बॅटरी आहे, फक्त मधली जोडणी करायची आहे. मल्टिमीटर धरता येतो आणि वायर नीट क्रिंप करता येते, म्हणजे टर्मिनल दाबून पक्कं बसवता येतं, एवढ्या माणसाला हे काम अर्ध्या दिवसात सहज जमतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका, म्हणजे बाकीचं सगळं त्यावरून ठरतं. हॅझार्ड चावी काढल्यावरही चालले पाहिजेत. जे सोपे डायग्राम फिरत असतात त्यात बहुतेक वेळा गाडीच्याच फ्लॅशरमधून, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीतून, करंट घेतलेला असतो, म्हणजे चावी ऑन ठेवली तरच चालतात. आता विचार करा, गाडी पडली तर पहिलं काम काय, चावी बंद करणं, किल स्विच दाबणं. आणि चावी ऑन ठेवून गाडी कडेला उभी केली तर काही गाड्यांमध्ये हेडलाईट पण चालू राहतो, मीटर चालू, टेललाईट चालू, आणि हे सगळं बॅटरी खात बसतं. शिवाय चावी लावलेली गाडी सोडून मदत आणायला जाताही येत नाही. म्हणून मी दरवेळी हेच सांगतो की थोडं काम जास्त पडलं तरी चालेल पण हॅझार्डला बॅटरीवरून वेगळी लाईन आणि वेगळा फ्लॅशर द्या.

आधी गाडीतलं मूळ सर्किट कसं चालतं ते बघू. बॅटरीच्या प्लसवरून मेन फ्यूज, तिथून इग्निशन स्विच, तिथून फ्लॅशर. फ्लॅशरला एक पिन आत येणाऱ्या करंटची, तिच्यावर बहुतेक बी लिहिलेलं असतं, आणि एक बाहेर जाणाऱ्याची, तिच्यावर एल. तीन पिनचा असेल तर तिसरी ई, म्हणजे अर्थ, चेसिसला किंवा मायनसला जाणारी. एल मधून निघालेली वायर हँडलवरच्या इंडिकेटर स्विचला जाते, तुम्ही डावीकडे ढकललं की ती डाव्या बाजूच्या वायरला जोडली जाते, उजवीकडे ढकललं की उजव्या. डाव्या बाजूचा पुढचा आणि मागचा इंडिकेटर एकाच वायरवर समांतर असतात, उजवीकडे तसंच. आणि आपल्या कामाची गोष्ट हीच आहे, कारण याचा अर्थ मागच्या बाजूला, सीटखाली, डाव्या इंडिकेटरच्या वायरला करंट दिला तर पुढचा डावाही आपोआप पेटणार. हेडलाईटची वाटी उघडून ती सगळी वायरिंगची गुंतागुंत बाहेर काढायची गरजच नाही. बॅटरी पण बहुतेक तिथेच असते. फक्त स्विचच्या दोन वायरी तेवढ्या पुढे हँडलपर्यंत न्यायच्या.

मग एक साधा स्विच घेऊन डावी आणि उजवी वायर एकत्र जोडून टाकली तर? नाही चालणार. नवीन फ्लॅशरची एक वायर थेट दोन्ही बाजूंना जोडली की दोन्ही बाजू कायमच्या एक झाल्या, मग तुम्ही डावा इंडिकेटर दिला तरी चारही लुकलुकणार आणि मागच्याला काहीच कळणार नाही. या अख्ख्या कामातली खरी अडचण एवढीच आहे, हॅझार्ड चालू असताना दोन्ही बाजूंना करंट मिळाला पाहिजे पण हॅझार्ड बंद असताना डावं आणि उजवं एकमेकांपासून पूर्ण तुटलेलं पाहिजे.

त्याचे दोन उपाय. एक म्हणजे डबल पोल स्विच, म्हणजे एका बटणात दोन वेगळे स्विच, एक डावीकडे जोडतो एक उजवीकडे. सर्किट म्हणून हे उत्तम आहे, पण हँडलवर बसणारे वॉटरप्रूफ स्विच जे मिळतात ते बहुतेक दोन वायरींचे साधे असतात, आणि डबल पोल म्हणून जे मिळतात ते पॅनलवर बसायचे मोठे, पावसात टिकायची खात्री नसलेले. म्हणून मला दुसरा उपाय जास्त आवडतो, साधा स्विच आणि दोन डायोड. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, तो शेतातल्या पाइपलाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना तसा. फ्लॅशरच्या एल पिनवरून दोन फाटे काढायचे, प्रत्येक फाट्यात एक डायोड, एक डाव्या वायरला एक उजव्या वायरला. डायोडच्या अंगावर एका टोकाला पट्टा असतो, ते पट्ट्याचं टोक इंडिकेटरच्या बाजूला. आता हॅझार्ड चालू केलं की दोन्हीकडे करंट जातो, आणि एरवी डावा इंडिकेटर दिला तर डावीकडचा करंट उलटा फिरून उजवीकडे जाऊच शकत नाही कारण वाटेत डायोड उभा आहे. मूळ इंडिकेटरच्या वाटेत डायोड येतच नाही, त्यामुळे रोजचे इंडिकेटर आहेत तेवढेच प्रखर राहतात. हॅझार्डच्या वेळी डायोडमध्ये पाऊण ते एक व्होल्ट पडतो, बल्ब थोडे मंद दिसतात, पण लक्ष वेधायला ते भरपूर आहे.

डायोडचा आणखी एक फायदा असा की स्विच आता फ्लॅशरच्या आधी टाकता येतो, म्हणजे फ्यूज, मग स्विच, मग फ्लॅशर. स्विच बंद असला की फ्लॅशरला करंटच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर नुसता बॅटरीला जोडून ठेवला तर थोडा थोडा करंट पीत राहू शकतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते महागात पडतं, तो प्रश्नच इथे निघून जातो.

आता सामान, आणि इथे आकडे महत्त्वाचे आहेत म्हणून नीट वाचा. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना इंडिकेटरचे बल्ब १० वॉटचे असतात, बल्बच्या पितळी बुडावर लिहिलेलं असतं, काढून बघा. चार बल्ब म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला ३.३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि ३ अँपिअरचे डायोड, १एन ५४०८ नंबरचे घ्या, सहज मिळतात. प्रत्येक डायोडमधून दोनच बल्बचा करंट जातो म्हणजे १.७ अँपिअर, मग कोणी म्हणेल १ अँपिअरवाला छोटा १एन ४००७ थोडा ताणून चालवू, तर नको, बल्बची तार थंड असताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि हॅझार्डमध्ये हे दर मिनिटाला शंभरेक वेळा होणार. मोठ्या गाड्यांना २१ वॉटचे बल्ब असतात, मग चारचे ८४ वॉट, ७ अँपिअर, तिथे डायोड ६ अँपिअरचे, फ्यूज १० चा आणि वायर १.५ ची. स्विचवर लिहिलेलं रेटिंगही तपासा, सगळ्या बल्बचा करंट त्यातूनच जाणार आहे.

फ्लॅशर घेताना तो किती लोडला चालतो ते बघा. जुना थर्मल फ्लॅशर, ज्याच्यात पट्टी तापून वाकते, तो दोन बल्बच्या करंटवर बेतलेला असतो, चार बल्ब लावले की पट्टी लवकर तापते आणि वेग बिघडतो. चारही बल्बचा लोड झेलणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, तीन पिनचा मिळाला तर उत्तम. एलईडी इंडिकेटर असतील तर तीन पिनचा एलईडीवाला घेणं जवळजवळ सक्तीचंच, कारण दोन पिनचा साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर स्वतःला लागणारा करंट दिव्यांमधूनच घेतो आणि एलईडी एवढा कमी करंट घेतात की तो एकतर भराभर लुकलुकतो किंवा चालतच नाही. काही लोक यावर उपाय म्हणून रेझिस्टर, म्हणजे मुद्दाम जास्त करंट ओढणारा भाग, लावतात, तो तापतो, प्लास्टिकजवळ बांधला तर प्लास्टिक वितळतं, आणि एलईडी लावून वाचवलेली बॅटरी पुन्हा उष्णतेत घालवतो. फ्लॅशर बदलणं हाच खरा उपाय.

काम सुरू करताना सीट आणि साईड पॅनल काढा, आणि बॅटरीची मायनस वायर आधी सोडा, मग प्लस. उलट केलं तर प्लसच्या बोल्टवरचा पाना चेसिसला टेकला की थेट शॉर्ट. जोडताना उलट क्रम, प्लस आधी आणि मायनस शेवटी.

मागच्या इंडिकेटरमधून प्रत्येकी दोन वायरी निघतात, एक करंटची एक अर्थची, आणि पुढे मेन वायरिंगला, म्हणजे हार्नेसला, बुलेट कनेक्टरने (एकमेकांत घुसणाऱ्या गोल टोकांनी) जोडलेल्या असतात. कोणती कोणती हे रंगावरून अंदाजाने कळतं. होंडात साधारण नारिंगी डावी आणि फिकट निळी उजवी, यामाहात गडद तपकिरी डावी आणि गडद हिरवी उजवी, सुझुकीत काळी डावी आणि फिकट हिरवी उजवी, कावासाकीत हिरवी डावी आणि राखाडी उजवी. आता यातच धोका बघा, होंडात हिरवी म्हणजे अर्थ आणि कावासाकीत हिरवी म्हणजे डावा इंडिकेटर, सुझुकीत साधी काळी म्हणजे डावा इंडिकेटर आणि अर्थ ही पांढऱ्या पट्टीची काळी, पण बाकीच्या किती गाड्यांमध्ये नुसती काळी हीच अर्थ असते. त्यामुळे रंग पाठ करून वायर जोडू नका, मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून बघा. बॅटरी थोड्या वेळासाठी जोडा, चावी ऑन, डावा इंडिकेटर द्या, टेस्ट लॅम्पची क्लिप चेसिसला लावून टोक वायरच्या कनेक्टरला टेकवा, जी वायर इंडिकेटरच्या तालावर लॅम्प पेटवते ती तुमची. काही गाड्यांत पुढचे इंडिकेटर पार्किंग लाईट म्हणूनही मंद पेटतात आणि त्यांना एक तिसरी वायर असते, पण आपण मागून काम करतोय म्हणून ती आड येत नाही.

मूळ वायर कापू नका. इंडिकेटर आणि हार्नेसमधला बुलेट कनेक्टर उघडायचा आणि मध्ये इंग्रजी वाय (Y) आकाराचा तुकडा घालायचा, म्हणजे एका बाजूला नर, एका बाजूला मादी आणि मधून निघालेली तिसरी वायर, हा तुकडा तुम्हीच दोन टर्मिनल आणि थोड्या वायरीतून बनवू शकता. असं केलं की उद्या सगळं काढून गाडी जशी होती तशी करता येते. वायर न सोलता दाबून बसवायच्या ज्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, ज्यांच्यातलं पातं आवरण चिरून आत घुसतं, त्या मोटरसायकलवर वापरू नका असं मी कळकळीने सांगतो, त्या वायरचे काही तंतू कापतात, पाणी आत घेतात, आणि काही महिन्यांनी हॅझार्ड तर जातातच पण मूळ इंडिकेटरही घेऊन जातात. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पण नको, उन्हात टेपचा गोंद सुटतो.

डायोडचे पाय कडक असतात आणि व्हायब्रेशनने तुटतात, म्हणून डायोडला दोन्ही बाजूंना वायर सोल्डर करा, सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा आणि मग तो अख्खा तुकडा हार्नेसच्या जाड वायरींना झिप टायने बांधा म्हणजे तो स्वतंत्र हलणार नाही. मात्र टेपच्या जाड गोळ्यात गुंडाळून टाकू नका, डायोड चालताना गरम होतो, त्याला थोडी हवा लागते. सोल्डर करण्याआधी पट्ट्याची दिशा पुन्हा एकदा बघून घ्या, स्लीव्ह चढली की पट्टा दिसत नाही, वायरवरच मार्करने बाण काढून ठेवला तर पुढे कामाला येतो.

फ्लॅशर रबरी होल्डरमध्ये घालून सीटखाली कोरड्या जागी बसवा, पिना खालच्या बाजूला, म्हणजे पाणी साचणार नाही. एल पिनला दोन्ही डायोडची मोकळी टोकं, ई पिन चेसिसच्या किंवा बॅटरीच्या मायनसला, बी पिन स्विचच्या एका वायरला. स्विचची दुसरी वायर फ्यूज होल्डरकडे आणि तिथून बॅटरी प्लसला रिंग लग, म्हणजे बोल्टखाली बसणारं गोल टर्मिनल, लावून. फ्यूज बॅटरीपासून जेवढा जवळ तेवढा चांगला, कारण फ्यूजच्या आधीचा वायरचा तुकडा कुठे घासून शॉर्ट झाला तर त्याला वाचवणारं काही नाही. दोन पिनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर बी आणि एल ची अदलाबदल करू नका.

स्विचच्या वायरी हँडलपर्यंत नेताना टाकीखालून मूळ हार्नेसच्याच मार्गाने न्या, वर लवचिक स्लीव्ह घाला. सायलेन्सर आणि इंजिन हेडपासून लांब. स्टिअरिंगच्या नळीजवळ थोडी ढील ठेवा, मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा आणि वायर ताणते का, कुठे चिमटते का, अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलला अडते का ते बघा. ही पायरी घाईत उरकू नका, या वायरीत बॅटरीचा करंट चोवीस तास असणार आहे, चावी काढली तरी.

स्विच कुठे बसवायचा तर डाव्या हाताला, पण हॉर्न किंवा इंडिकेटरच्या इतक्या जवळ नको की हातमोजे घातलेले असताना चुकून दाबला जाईल. दाबला की अडकून राहणारा हवा, सोडला की सुटणारा नको. आत लाल दिवा असलेला मिळाला तर घ्या, त्याचं कारण पुढे येतंय.

सगळं झालं, फ्यूज घाला, आता तपासणी. चावी काढून हॅझार्ड चालू, चारही एका तालात लुकलुकले पाहिजेत. घड्याळ लावून मोजा, मिनिटाला ६० ते १२० च्या मधे बसायला हवं. मग हॅझार्ड बंद, चावी ऑन, डावा इंडिकेटर, फक्त डावे दोन. उजवा, फक्त उजवे दोन. इंडिकेटर देताना चारही लुकलुकले तर एखादा डायोड उलटा आहे किंवा आतून शॉर्ट झालाय. हॅझार्डमध्ये एकच बाजू पेटली तर दुसऱ्या बाजूचा डायोड उलटा किंवा जोडणी सुटलेली. काहीच पेटलं नाही तर आधी फ्यूज, मग फ्लॅशरचा अर्थ. लुकलुकायचं सोडून चारही सलग पेटून राहिले तर फ्लॅशरला लोड झेपत नाहीये.

मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच इंडिकेटर दिवा असेल तर हॅझार्डमध्ये तो बहुधा पेटणार नाही. घाबरू नका, वायरिंग बरोबर आहे. तो बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मधे जोडलेला असतो, डावा दिला की करंट त्यातून जाऊन उजव्या बल्बच्या तारेतून अर्थला पोचतो. हॅझार्डमध्ये दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज, मग तो कसा पेटणार. म्हणूनच दिवावाला स्विच बरा, चालू राहिलाय हे दिसतं. पण अशाच मीटरच्या गाडीला चारही इंडिकेटर एलईडी लावले असतील तर मात्र उजवा दिला तरी चारही लुकलुकतात, कारण त्या बल्बमधून जाणारा तेवढासा करंट एलईडी पेटवायला पुरतो. त्यावर उपाय म्हणजे मीटरच्या बल्बच्या दोन्ही वायरी सोडवायच्या, प्रत्येकीत एक छोटा १एन ४००७ डायोड घालून दोन्ही बल्बच्या एकाच टोकाला आणायच्या आणि बल्बचं दुसरं टोक अर्थला. मग तो दिवा हॅझार्डमध्येही लुकलुकतो.

हॅझार्ड चालू करताना हँडलवरचा इंडिकेटर स्विच मधे असू द्या. तो एका बाजूला राहिला असेल तर हॅझार्डचा करंट त्या स्विचमधून मागे मूळ फ्लॅशरमध्ये शिरतो, आणि फ्लॅशर जुन्या थर्मल प्रकारचा असेल तर त्यातून पुढे इग्निशनच्या लाईनवर जाऊन हेडलाईट-मीटर पेटवू शकतो, आपला ५ अँपिअरचा फ्यूज तिथे उडतो. दरवेळी लक्षात राहणार नाही असं वाटत असेल तर मूळ फ्लॅशरच्या एल वायरमध्येही एक ६ अँपिअरचा डायोड टाका, पट्टा हँडल स्विचच्या बाजूला. रोजचे इंडिकेटर किंचित मंद होतील एवढंच.

नवीन गाड्यांमध्ये जिथे फ्लॅशर नावाची वेगळी वस्तूच नाही, इंडिकेटर कंट्रोल युनिटमधून चालतात, आपोआप बंद होतात, बल्ब गेला की मीटरवर फॉल्ट दाखवतात, तिथे यातलं काहीही करू नका. बाहेरून करंट दिला तर युनिटचा आउटपुट जळू शकतो आणि तो भाग बदलायचा खर्च सगळ्या हौसेवर पाणी फिरवतो. अशा गाडीसाठी त्याच मॉडेलचा हॅझार्डवाला हँडल स्विच किंवा कनेक्टरला कनेक्टर बसणारा मॉड्यूल मिळतो का बघा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

बॅटरी किती वेळ पुरेल याचा हिशोब डोक्यात असू द्या. १० वॉटचे चार बल्ब अर्धा वेळ पेटलेले अर्धा वेळ विझलेले, म्हणजे सरासरी १.७ अँपिअर. ५ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर तीन तासांच्या आत रिकामी होते, पण सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो, तेव्हा तासाभराच्या वर चालू ठेवायची वेळ आली आणि किक नसलेली गाडी असेल तर जपून. २ वॉटचे एलईडी असतील तर तेच काम सरासरी ०.३ अँपिअरवर होतं, म्हणजे पाचपट वेळ मिळतो.

आणि हे लाईट उभ्या गाडीसाठी आहेत. धुक्यात, पावसात, बोगद्यात, ग्रुपने जाताना चालत्या गाडीवर हॅझार्ड लावायची सवय खूप जणांना असते, पण चारही लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे वळणार का उजवीकडे हे मागच्याला सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही, आणि ज्याला हॅझार्ड म्हणजे थांबलेली गाडी हे माहीत आहे तो जोरात ब्रेक मारू शकतो. गाडी ओढून नेताना किंवा इंजिन दम तोडतंय आणि कडेला घेताय तेवढ्यापुरते लावले तर ठीक.

पहिला मोठा पाऊस झाला की सीट उघडून कनेक्टर बघा, हिरवट थर दिसला तर साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (कनेक्टरला पाण्यापासून वाचवणारं ग्रीस) लावा. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना मेकॅनिकला सांगून ठेवा की बॅटरीच्या प्लसवर एक जास्तीची फ्यूजवाली वायर आहे, नाहीतर बॅटरी बदलताना ती हमखास मोकळी सुटलेली राहते आणि ते कळतं गाडी अंधारात बंद पडल्यावर.